गाडी कुणाच्या कामाला गेली होती?

सोलापूरच्या नवी पेठेत भर दुपारी गाडी घालण्यात अर्थ नसतो. दोन्ही अंगांना कापडाची दुकानं, मधे लावलेल्या दुचाक्या, त्यात लग्नसराई. मी पार्क चौकाच्या बाजूला सावली बघून गाडी लावली आणि चालत अक्काच्या ऑफिसला गेलो. एप्रिलचा पहिला आठवडा होता. ऑफिस म्हणजे एका जुन्या दुकानावरची खोली. लाकडी जिना, वर दोन टेबलं, भिंतीला लोखंडी रॅक आणि त्यात गिऱ्हाइकांच्या फायली. आमचे आप्पा याच पेठेत एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. अक्का वीसेक वर्षं कर सल्लागार म्हणून बसते. मी वायरिंगची आणि पॅनेलची कंत्राटं घेतो. चिंचोळीची एमआयडीसी, अक्कलकोट रोडचे टॉवेलचे कारखाने, जिल्ह्यातले साखर कारखाने, असा माझा फेरा.

मी पिशवी टेबलावर ठेवली. आत वर्षभराच्या पेट्रोलच्या पावत्या होत्या. अक्कानं एक उचलून उजेडाकडं धरली. कोरी. दुसरीही कोरी. तिसरीवर पंपाचं नाव कसंबसं दिसत होतं, रक्कम उडालेली. डॅशबोर्डवर ऊन खाऊन खाऊन मशीनच्या पावत्यांवरची अक्षरं गेली होती.

"हे काय आहे?"

"गाडीचा खर्च."

"हे कोरे कागद आहेत. गाडी किती चालली वर्षात?"

"असेल वीस-पंचवीस हजार किलोमीटर."

"त्यातली कामाची किती?"

"सगळी कामाचीच की."

"आईला तुळजापूरला कशानं नेलंस?"

मी गप्प बसलो. पण हा मुद्दा माझ्या मनात बरेच दिवस होता आणि त्या दिवशी मी तो सोडणार नव्हतो. दिवसभर शिडीवर उभं राहून काम करणाऱ्या माणसानं गाडीत बसल्यावर रीडिंग लिहायचं, उतरल्यावर रीडिंग लिहायचं, आणि ते कुणी मागतही नाही. मी तिला सरळ विचारलं, "अक्का, मला सांग, ही किलोमीटरची वही ठेव असं कायद्यात कुठं लिहिलंय?"

"तुझ्यासाठी शब्दानं लिहिलेलं नाही. नोकरदाराला कंपनीची गाडी असेल तर लिहिलंय. 1962 च्या आयकर नियमांत नियम 3 आहे. ऑफिसच्या कामाचा प्रवास वेगळा दाखवायचा असेल तर तारीख, ठिकाण, किलोमीटर आणि खर्च यांची नोंद मागतात. तुझ्यासारख्याला कायदा एवढंच म्हणतो की खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झालेला पाहिजे, ते कलम 37. आणि वस्तू थोडी घरात, थोडी धंद्यात वापरली तर अधिकारी वापर बघून रास्त हिस्सा ठरवेल, ते कलम 38. आता 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झालाय, कलमांचे आकडे बदललेत, तत्त्व तेच आहे. आणि तुझं हे सरलेलं वर्ष जुन्या कायद्यातच बसतं."

"म्हणजे वही सक्तीची नाही."

"नाही. वापर सिद्ध करणं तुझ्यावर आहे. कशानं करतोस ते तू बघ."

इथं मी माझा हुकमाचा पत्ता काढला. "मी तर 44 एडीत भरतो. सगळे पैसे बँकेतून येतात, उलाढालीच्या सहा टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. पेट्रोल, टायर, इन्शुरन्स, काहीच वेगळं वजा होत नाही. मग किलोमीटर लिहून कुणाला दाखवू?"

मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं. करासाठी म्हणून तुला या वहीचा एक रुपयाही फायदा नाही. हे कलम 1994 साली आलं तेच मुळी बांधकामाच्या ठेकेदारांसाठी, ज्यांना वह्या ठेवणं जमत नाही त्यांच्यासाठी. आज दोन कोटींपर्यंतच्या धंद्याला ते लागू आहे, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत. शिवाय नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर बसत नाही. तुझी एक कोटी वीस लाखांची उलाढाल, तिचे सहा टक्के म्हणजे सात लाख वीस हजार. कर शून्य."

"मग संपलं की."

"सहा टक्के हा कायद्यानं धरलेला नफा. तुझा खरा नफा किती?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. बँकेत काय शिल्लक आहे ते सांगता आलं असतं, पण ते उत्तर नव्हे हे मलाही कळत होतं.

मग मी दुसऱ्याच्या खांद्यावरून बोलायला लागलो, कारण तिथं मला अजून जागा दिसत होती. तिच्याकडं टॉवेल-चादरींचं काम कमिशनवर करणारे लोक येतात. विजयपूर, कलबुर्गी, लातूर अशा गावांना गाडीनं फिरतात, ऑर्डरी आणतात. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला 44 एडी चालत नाही. त्यांना खरा खर्च दाखवावा लागतो. मी म्हणालो, "त्यांचं काय करतेस? त्यांनी प्रामाणिकपणे वही लिहिली आणि तीस टक्के घरचा वापर निघाला, तर तीस टक्के खर्च गेला. न लिहिता सगळाच खर्च धंद्यात टाकला, तर साहेब अंदाजानं पाचवा हिस्सा कापतात, असं तूच सांगितलंयस. म्हणजे लिहिणाऱ्याचे तीस गेले, न लिहिणाऱ्याचे वीसच. मग शहाणा कोण?"

हा मुद्दा खरा आहे आणि तो बहुतेक लोक मनातच ठेवतात. अक्कानं तो उडवून लावला नाही. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "काही वेळा असंच होतं. खोटं कशाला बोलू? पाचवा हिस्सा, सहावा हिस्सा, दहा टक्के, असे कितीतरी आदेश निघालेत आणि अपिलात ते कमीही झालेत. पण तो पाचवा हिस्सा कुठं छापलेला नाही. साहेब निम्मा कापेल, तेव्हा त्याला अडवायला तुझ्याकडं काय आहे? उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड बुडालेल्या कराच्या पन्नास टक्के आहे आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवलं तर दोनशे टक्के. दुसरं म्हणजे, पूर्वी साहेब सोलापुरात बसायचा. टॉवेलवाल्याला महिन्यातून दोनदा विजयपूरला जावं लागतं, हे त्याला सांगावं लागत नव्हतं. ऑगस्ट 2020 पासून तपासणी चेहरा न बघता होते. कागद बघणारा कुठल्या शहरात बसलाय तेही तुला कळत नाही. त्याला ना नवी पेठ माहीत, ना तू. त्याला फक्त कागद दिसतो."

"मग कंपनी काढावी. कंपनीची गाडी म्हटलं की प्रश्नच मिटला."

"कंपनीला स्वतःचं घर नसतं, तिचा वैयक्तिक वापर कसला, असं गुजरात उच्च न्यायालयानं सयाजी आयर्नच्या खटल्यात 2002 साली म्हटलंय. पण मग तुझा घरचा वापर तुला मिळालेली सवलत म्हणून तुझ्या उत्पन्नात धरायचा. फिरून तोच आकडा लागतो, किती किलोमीटर घरचे."

आमचा एक चुलतभाऊ इंग्लंडात वायरिंगच्याच कामात आहे. त्याचं उदाहरण मी दिलं. तिथं स्वतःचा धंदा करणाऱ्याला मैलामागं ठरलेला दर लावता येतो. पहिल्या दहा हजार मैलांना 45 पेन्स, पुढं 25, असा तो बरीच वर्षं चालत आला. अमेरिकेत तर दर वर्षी आकडा जाहीर होतो, 2025 साठी मैलाला 70 सेंट होता. मैल मोजायचे, दरानं गुणायचे, पावत्या सांभाळायच्या नाहीत. आपल्याकडं धंदेवाल्याला असा किलोमीटरचा सरकारी दर नाही. मला हे अन्यायाचं वाटतं आणि अक्कालाही वाटतं. या एका गोष्टीवर आमचं त्या दिवशी पहिल्यापासून एकमत होतं. छोट्या कंत्राटदाराला एक दर ठरवून दिला तर निम्मा गोंधळ मिटेल. "पण," ती म्हणाली, "तिकडंही मैल मोजावेच लागतात. दर सरकार देतं, मैल तुलाच लिहावे लागतात."

"मैल लिहायला फोन आहे की. कुठं गेलो, किती वाजता गेलो, सगळं त्यात असतं. फास्टॅग 2021 च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा आहे, टोलवर वेळेसकट नोंद पडते. सर्व्हिसिंगला गाडी दिली की जॉबकार्डावर रीडिंग येतं. जग माझी वही लिहितंय, मी कशाला लिहू?"

हे बोललो आणि मलाच मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. अक्काला ती अर्धीच माहीत होती. पूर्ण सांगितली.

एका कारखान्याशी माझा करार होता. कामाचे पैसे वेगळे आणि गाडीचे किलोमीटरला आठ रुपये वेगळे. तीन महिन्यांचं बिल मी एकदम लावलं, बावीस फेऱ्या. त्यांच्या अकाउंट्समधल्या माणसानं गेटचं रजिस्टर मागवलं. त्यात माझ्या गाडीच्या एकोणीस नोंदी. गाडीचा नंबर, आत यायची वेळ, बाहेर जायची वेळ, वॉचमनच्या वाकड्या अक्षरात, एकही चुकलेली नाही. उरलेल्या तीन फेऱ्या मी त्यांच्याच पॅनेलच्या सामानासाठी पुण्याला मारल्या होत्या. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर धरले तर तीन फेऱ्यांचे बारा हजार रुपये. गेटवर त्यांची नोंद पडायचं कारणच नव्हतं. मी फास्टॅगचं स्टेटमेंट काढून नेलं. सावळेश्वर आणि वरवडे, दोन्ही टोलनाक्यांच्या नोंदी त्यात होत्या. त्या माणसानं त्या शांतपणे बघितल्या आणि म्हणाला, "तुम्ही पुण्याला गेला होता हे दिसतंय. कुणासाठी गेला होता ते कुठं दिसतंय?"

बारा हजार गेले. त्या माणसाचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

अक्का ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "त्या वॉचमनला तुझ्यापेक्षा कमी पगार असेल. वही त्यानं ठेवली."

मला लागलं ते. पण तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. ती रॅककडं बघत होती. आप्पा रोजकीर्द लिहायचे त्याची आठवण आम्हा दोघांनाही आहे. दुकान मिटायच्या आधी दिवसाची कीर्द पुरी झाल्याशिवाय ते पेढीवरून उठत नसत. ताप असला तरी नाही. "आजची नोंद उद्या केली की ती नोंद नसते, आठवण असते," असं म्हणायचे. मार्चअखेरीला माझ्यासारखे लोक एका बसणीत, एकाच पेनानं, एकाच शाईत वर्षाची वही लिहून आणतात, ती अक्का ठेवूनही घेत नाही. तिचं म्हणणं असं की त्यापेक्षा वही नसलेली बरी. मलाही ते पटतं. रविवारी टॉवेलचा कारखाना बंद असताना तिथं गेल्याची नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदीही खोट्या ठरतात.

मी तडजोड काढली. "एक महिना नीट लिहितो. तीच सरासरी बारा महिन्यांना लाव."

"कुठला महिना? जानेवारी? गळीत हंगाम चालू असतो, कारखाने तुला फक्त बिघाडाला बोलावतात. जुलै-ऑगस्ट धरला तर मेंटेनन्सची कामं, तू रोज बाहेर. दोन्हीच्या आकड्यांत दुपटीचा फरक पडेल. तुझ्या धंद्याला सरासरी महिना नाही."

मग तिनं कागद ओढला आणि आम्ही गाडी मांडली. हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण माझं मत इथं हललं. वर्षाला 24,000 किलोमीटर. लिटरला सोळाची सरासरी, म्हणजे 1,500 लिटर, दर 104 धरला तर 1,56,000. इन्शुरन्स 21,000. सर्व्हिसिंग आणि टायर 33,000. कर्जाचं व्याज 45,000. घसारा पंधरा टक्क्यांनी, गाडीची वहीतली किंमत सात लाख, म्हणजे 1,05,000. बेरीज 3,60,000. भागिले 24,000. किलोमीटरला पंधरा रुपये.

"आता तुझा तो पंढरपूरकडचा साखर कारखाना घे. महिन्याला किती देतात?"

"अठरा हजार, फेऱ्यांसकट."

"फेऱ्या किती?"

"सहा धर. एका फेरीला दीडशे किलोमीटर."

नऊशे किलोमीटर. तिनं पंधरानं गुणलं. 13,500. अठरातून गेले, उरले साडेचार हजार. सहा दिवस, सकाळी सातला निघून रात्री आठला परत, सोबत एक पोरगा, त्याची हजेरी वेगळी. करार करताना मी फक्त पेट्रोल धरलं होतं. सहा हजार जातात, बारा हजार राहतात, असा माझा हिशोब होता आणि दोन वर्षं मी त्यावर खूश होतो.

मी तरी सोडलं नाही. "घसारा आणि इन्शुरन्स कसे धरतेस? गाडी दारात उभी राहिली तरी इन्शुरन्स भरायचाच आहे. व्याज भरायचंच आहे. ती फेरी मारली म्हणून ते वाढलं नाही."

"हे मात्र तू बरोबर बोललास." तिनं खरंच कागदावर इन्शुरन्स आणि व्याज खोडलं. "पण टायर फेरीनं झिजतो. गाडी विकायला काढशील तेव्हा घेणारा पहिल्यांदा रीडिंगच बघेल. सगळा नाही तरी निम्मा घसारा किलोमीटरचा आहे. दहा रुपये धर."

दहानं नऊ हजार. अठरातले निम्मे रस्त्यावर. तो आकडा बघत मी बराच वेळ बसलो. पंधरा बरोबर की दहा, हे आमचं अजून ठरलेलं नाही. पण नुसत्या पेट्रोलचे साडेसहा नक्कीच नाहीत. आणि सहा फेऱ्या हाही माझा अंदाजच होता. आठ असतील तर? गेल्या वर्षी त्यांचा एक मोठा बिघाड झाला तेव्हा मी एका आठवड्यात चारदा गेलो होतो. ते कुठं लिहिलेलं नाही. करार जूनमध्ये नवा करायचा आहे आणि समोरचा विचारेल, दर कशाच्या जोरावर वाढवताय?

"आणि त्या फेऱ्यांचे पैसे वेगळे लावलेस तरी त्यावर जीएसटी लागतो हे लक्षात ठेव," अक्का म्हणाली. "गाडीभाडं वेगळ्या ओळीत लिहिलं म्हणून सुटत नाही. आणि तुझ्या गाडीच्या खरेदीवरचा, दुरुस्तीवरचा जीएसटी तुला परत मिळत नाही. तोही किलोमीटरमध्येच धरायला पाहिजे."

एवढ्यात तिनं डबा उघडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. टेबलावरचे कोरे कागद बाजूला सारून आम्ही जेवलो. जेवताना मी विचारलं ते मला मनापासून अडलं होतं. "आषाढीच्या आधी त्या कारखान्यावर गेलो तेव्हा आई म्हणाली, जाताजाता मलाही ने, कळसाचं तरी दर्शन होईल. तिला मंदिरापाशी सोडली, काम केलं, परत घेतली. ती फेरी कुणाची?"

"काम नसतं तर गेला असतास?"

"नाही."

"मग रस्ता कामाचा. कारखान्यावरून मंदिरापर्यंत वाकडं गेलास तेवढा घरचा. आठ-दहा किलोमीटर असतील. तेवढेच लिही."

"आणि उलटं असेल तर? तिच्या डोळ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रोज दवाखान्यात जात होतो. त्यातल्या दोन दिवशी वाटेत साइट बघितली."

"तो रस्ता आईचा. साइटचं वळण कामाचं."

हे तिनं पटकन सांगितलं, पण मला ते तितकं सोपं वाटत नाही. माणूस घरातून निघताना एकाच कामाला निघतो असं होत नाही. मी अजूनही म्हणतो की दोन रकान्यांत आयुष्य बसत नाही. अक्का म्हणते, बसत नाही म्हणूनच त्याच दिवशी लिहायचं, कारण त्या दिवशी तुला माहीत असतं की तू कशासाठी निघालास. मार्चमध्ये तू तुझ्या सोयीचं आठवतोस.

निघताना तिनं खालच्या स्टेशनरीच्या दुकानातून एक आडवी वही घेतली आणि जिन्यातच उभं राहून पहिल्या पानावर रेघा मारल्या. तारीख. निघताना रीडिंग. पोचल्यावर रीडिंग. कुठून कुठं. कुणाचं काम. खर्चाचा रकाना तिनं ठेवला नाही. "खर्च बँकेत दिसतो," म्हणाली. "पेट्रोल एकाच कार्डानं भर. आणि आज गाडीत बसलास की मीटरचा फोटो काढून मला पाठव. पुढच्या मार्चच्या एकतीसला दुसरा पाठव."

"मधेच कंटाळलो तर?"

"कंटाळलास तिथं रेघ मार आणि तारीख घाल. पुन्हा सुरू केलंस की पुन्हा तारीख घाल. मधलं भरू नको."

पार्क चौकाच्या बाजूला सावली सरकून गेली होती. स्टिअरिंगला हात लावता येईना. काच खाली केली, फोटो काढला, पाठवला. रीडिंग 68,412. वही मांडीवर घेतली. तारीख लिहिली. घर ते नवी पेठ लिहिलं. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं, म्हणून तिला फोन लावला.

"तुझ्याकडं आलो ते कुणाचं काम लिहू?"

"हिशोबाला आला होतास. धंदा लिही."

"भाकरी खाऊन आलो."

"दोन तास हिशोबच केला आपण. धंदाच तो. लिही."

मी बरं म्हणालो, फोन ठेवला, आणि रकान्यात 'घर' असं लिहिलं.